ओळंब्याने पिनबॉल बसवलं

पडदा वर जातो तेव्हा समोर एक लाँड्री आहे. उजव्या अंगाला कपडे धुण्याची यंत्रं ओळीने घरघरताहेत, त्यांच्या गोल काचांमागे कुणाचे मोजे आणि कुणाच्या चादरी एकमेकांच्या गळ्यात पडून गरगरताहेत. डाव्या अंगाला लाकडी बाक, त्यावर जांभया देणारी गिऱ्हाइकं. मागे काउंटर, आणि काउंटरच्या मागे वाफेच्या ढगात इस्त्री फिरवणारी मालकीण. आणि अगदी मधोमध, जिथे नाटकात नायक उभा राहतो त्या जागी, एका खुर्चीवर तिचा नवरा बसलेला. हातात काही काम नाही, बोलायला मात्र पुष्कळ.

त्याला तोंडावर सगळे काका म्हणत आणि पाठीमागे ओळंबा. भिंत सरळ उभी आहे की नाही हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून खाली सोडतात, तो ओळंबा. हा माणूस उभा राहायचाही तसाच. जन्मभर त्याने फरशा बसवल्या. दवाखान्यात, शाळेत, कुणाच्या माडीवर, कुणाच्या तळघरात. काम संपलं की तो खिशातून एक काचेची गोटी काढायचा, खोलीच्या मध्यावर ठेवायचा आणि घरमालकाकडे बघत उभा राहायचा. गोटी हलायची नाही. हलली असती तर त्याने अख्खी फरशी उपटली असती, पण तशी वेळच आली नाही.

मग गुडघ्यांनी असहकार पुकारला आणि ओळंबा निवृत्त झाला. जुन्या नटाला भूमिका मिळायच्या थांबल्या की तो जसा कुणाच्याही घरी जाऊन स्वगतं म्हणायला लागतो, तसं त्याचं झालं. बायकोच्या लाँड्रीत येऊन बसायचं आणि गिऱ्हाइकाला गाठायचं.

"तुमच्या घरी मोरीत पाणी साचतं का हो?"

"नाही बुवा."

"साचत असणार. तुम्ही बघत नसाल."

एवढ्यावरून सुरुवात झाली की कपडे वाळेपर्यंत फरशीपुराण. गिऱ्हाइकं ओले कपडे पिशवीत कोंबून पळायला लागली. एका बाईने तर साबणाच्या फेसासकट नेले.

मालकीण तोंडाची फटकळ पण मनाची मऊ. तिने एक दिवस इस्त्री उभी केली आणि म्हटलं, "अहो, एक तर गिऱ्हाइकांना बसवून ठेवेल असं काहीतरी करा, नाही तर घरी बसा. तुमच्या खुर्चीच्या जागी मला दुसरं इस्त्रीचं टेबल टाकायचंय."

घरी बसायचं म्हणताच ओळंब्याने खुर्ची दोन्ही हातांनी धरली. घरी दोन खोल्या होत्या, दोन्हींची फरशी त्यानेच बसवलेली, आरशासारखी, आणि ती किती छान आहे हे सांगायला दिवसभर तिथे चिटपाखरू नव्हतं. त्याने आठवडाभर विचार केला आणि आपल्या गाठीच्या पैशांतून एक पिनबॉलचं मशीन मागवलं. कोरं करकरीत, थेट कंपनीतून.

मशीन आलं तेव्हा अख्खा रस्ता बघायला उभा राहिला. चार पायांवर उभी लांबलचक पेटी, वर काच, काचेखाली रंगीत फळी, तिच्यावर खांब, घंट्या, बोगदे. उजवीकडचा दांडा ओढून सोडला की लोखंडी चेंडू वर उडणार आणि ठेचकाळत, घंट्या वाजवत खाली येणार. खाली दोन छोट्या पट्ट्या, त्यांना फ्लिपर म्हणतात. बाजूचं बटण दाबलं की फ्लिपर फटकन वर उठतो आणि चेंडूला पुन्हा वर धाडतो. मागच्या उभ्या फळीवर मुकुट घातलेल्या ऑक्टोपसचं चित्र होतं. खेळ रंगला की त्याचे डोळे पेटायचे, असं कंपनीचं म्हणणं.

"हा कोण?" मालकिणीने विचारलं.

"राजा आहे तो."

"आठ हात आहेत. एखादा इस्त्रीला लावता येतो का बघा."

सोबत जाडजूड माहितीपुस्तक होतं. ओळंब्याने ते चष्मा लावून इमानाने वाचलं, फक्त 'मशीन कसे बसवावे' हे प्रकरण सोडून. ज्याने उभ्या आयुष्यात बसवण्याचंच काम केलं त्याला बसवणं कोण शिकवणार? त्याने आपली पाणसळ काढली, तीच ती नळी, आत पाणी आणि पाण्यात बुडबुडा. ती काचेवर ठेवली. बुडबुडा जो सुटला तो थेट मागच्या टोकाला.

"वाकडं पाठवलंय," तो म्हणाला. "मागून उचललेलं, पुढून पडलेलं. नवीन पोरं काम करतात, दुसरं काय."

मग त्याच्या अंगात वीस वर्षांपूर्वीचा जोर आला. मागच्या अंगणातून फरशीचे तुकडे आणले, सिमेंट कालवलं आणि पुढच्या दोन पायांखाली चांगले वीतभर उंच दोन ओटे बांधून पाय सिमेंटात पक्के केले. काम इतकं सुबक की ओट्यांच्या कडाही त्याने घासून गोल केल्या. पुन्हा पाणसळ ठेवली. बुडबुडा मध्यावर येऊन निमूट बसला.

मशीनच्या कडेला कंपनीने स्वतःची एक इवलीशी पाणसळ चिकटवलेली होती. तिचा बुडबुडा मात्र आता दूर एका टोकाला जाऊन बसला होता. ओळंब्याला कंपनीची दया आली. असलं खोटं हत्यार चारचौघांच्या नजरेला पडू नये म्हणून त्याने त्यावर चिकटपट्टी लावून टाकली.

पहिला खेळ खेळायचा मान बस कंडक्टर बाईंना मिळाला. बाई आठवडाभराचे गणवेश धुवायला यायच्या, आणि तिकिटं फाडून फाडून हात असा चलाख झालेला की बघत राहावं. त्यांनी दांडा ओढला, सोडला. चेंडू वर उडाला, एका खांबाला धडकला, दुसऱ्याला पुसटसा लागला आणि फळीच्या मध्यावर येऊन थांबला.

सगळे थांबले. चेंडूही थांबलेलाच.

"बघितलंत?" ओळंबा हळूच म्हणाला. "हलत नाही."

"पण काका, तो खाली यायला हवा ना?"

"येईल की. घाई काय आहे?"

चेंडू काही आला नाही. थोड्या वेळाने मशीनलाच संशय आला की आपला चेंडू हरवला. मग त्याने अंगातली सगळी यंत्रणा एकदम वाजवली, खट् खट् खट् खटाखट, कुठे अडकला असेल तर सुटावा म्हणून. बाकावर डुलक्या घेणारे पेन्शनर दचकून उठले आणि दुसऱ्याचेच कपडे घेऊन निघाले. एवढं करूनही चेंडू ढिम्म. तेव्हा मशीनने हार मानून दुसरा चेंडू सोडला. तो पहिल्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला. मग तिसरा. तिघे तिथे असे उभे होते की जसे काही मुलगी बघायला आलेत आणि चहाची वाट बघताहेत.

कंडक्टर बाईंनी मशीनला एक धक्का दिला. मशीन रुसलं. सगळे दिवे विझले, राजाने डोळे मिटले आणि पाटीवर अक्षरं आली: 'धक्का देऊ नये.'

"नवीन आहे, लाजतंय," ओळंबा म्हणाला आणि त्याने कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला.

मदत केंद्रात एक ताई होती. आवाज मधाळ, धीर अफाट. तिने आधी मशीन बंद करून चालू करायला सांगितलं. मग चेंडू मोजायला सांगितले. मग पुढचं दार उघडून वायरी घट्ट आहेत का बघायला सांगितलं. मग तपासणीचं बटण दाबायला लावलं, तेव्हा प्रत्येक फ्लिपर, प्रत्येक घंटा आपापली हजेरी देऊन गेली.

"सगळं ठीक दिसतंय, काका. एक विचारायचं राहिलं. लेव्हल बघितली होती का?"

हा प्रश्न ओळंब्याला असा लागला, जसा मुरलेल्या गायकाला कुणी 'सूर लागतो ना?' असं विचारावं.

"ताई," तो म्हणाला, "तुम्ही बसलाय ना खुर्चीवर? नीट बसा." आणि मग त्याने तिला दवाखान्याची फरशी सांगितली, तळघराची सांगितली, गोटी सांगितली, एका बिल्डरने घाई केली तेव्हा त्याला काय सुनावलं तेही सांगितलं. ताईने शेवटी तक्रारीत लिहिलं: लेव्हल उत्तम. पुढे ती बिचारी त्या प्रश्नाकडे पुन्हा फिरकली नाही.

लेव्हल उत्तम म्हटल्यावर दोष दुसरीकडे शोधणं आलं. कंपनीने फ्लिपर उचलणाऱ्या नव्या कॉइल पाठवल्या. ओळंब्याने त्या बसवल्या, चेंडू उभाच. कंपनीने नवे चेंडू पाठवले. तेही उभे राहिले, उलट जास्त चकचकीत असल्याने उभे राहिलेले उठून दिसले. मग मशीनचा मेंदू म्हणावा असं सर्किट बोर्ड आलं. ते बदलल्यावर राजाचे डोळे आधीपेक्षा लवकर मिटायला लागले, एवढाच फरक. रोज सकाळी ओळंबा ताईला फोन लावायचा. आधी मशीनचं बोलणं, मग तिच्या खोकल्याचं, मग तिच्या घरच्या गळक्या गच्चीचं.

"तुमचं मशीन बिघडलंय की सूत जमलंय?" मालकीण कॉलरला इस्त्री करता करता विचारायची.

"कामाचं बोलतोय."

"गच्ची कुठून आली कामात?"

"गच्चीला फरशी असते."

इकडे बाकावरची गर्दी पुन्हा पातळ व्हायला लागली. फरशीपुराण होतंच, त्यात आता मशीनचा खटाखटाट. शेवटी मालकिणीने काउंटरवर दोन्ही हात टेकले. "हे बघा, कंपनी महिन्याच्या आत परत नेते म्हणालीय. शनिवारी त्यांची गाडी बोलावते. तोवर चाललं तर राहू दे, तुम्हीही बसा त्याच्याजवळ. नाही चाललं तर ते कंपनीत आणि तुम्ही घरी. टेबल मी सांगून ठेवलंय."

ती चिडून म्हणाली नाही, तेच जास्त लागलं. ओळंब्याने त्या दिवशी जेवताना भाजीला नाव ठेवलं नाही, यावरून काय ते समजा.

शुक्रवारी ताईने व्हिडिओवर मशीन बघायचं ठरवलं. मालकीण फोन धरून उभी राहिली आणि ओळंबा सूत्रधारासारखा एकेक भाग दाखवत फिरला.

"फोन सरळ धर."

"सरळच आहे."

"डावीकडे झुकलाय. ताईला वाटेल आपली भिंतच वाकडी."

"मग भिंतीला धरायला सांगा."

"काका," ताई म्हणाली, "जरा पूर्ण बाजूने दाखवता?"

मालकीण बाजूला सरकली. मग ताई अगदी जपून म्हणाली, "काका, हे तर एकदम सपाट आहे."

ओळंब्याची छाती फुगली. "धन्यवाद. जन्मभर ऐकत आलोय, पण अजूनही बरं वाटतं."

"तसं नाही हो काका. सपाट असायला नको. मागून उंच, पुढे उतार हवा. तेव्हाच चेंडू खाली येतो. पुस्तकात आहे ते, बसवण्याच्या प्रकरणात. आणि कडेला आमची एक छोटी पाणसळ असते, तिचा बुडबुडा दोन रेघांच्या मध्ये आणायचा. दिसतेय का?"

मालकिणीने चिकटपट्टीकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं. ओळंब्याने बोट पुढे केलं आणि फोन बंद करून टाकला.

"काय म्हणाली ती?" तिने सगळं ऐकून विचारलं.

"उतार मोरीत देतात," ओळंबा म्हणाला. "गच्चीवर देतात. चार माणसं बसतात तिथे देत नाहीत. मी दिलेला नाही, देणार नाही."

"अहो, चेंडू आहे तो. त्याला काय कळतंय मोरी आणि माजघर?"

"मला कळतं ना."

तो जाऊन खुर्चीवर बसला. कंडक्टर बाई गणवेश टाकायला आल्या तेव्हा त्याने त्यांच्या मोरीची चौकशीही केली नाही. बाईंना वाटलं काकांना ताप आहे.

शनिवारी गाडी आली. ड्रायव्हर, आणि दोन हमाल, एक जाड आणि एक काटकुळा. ओळंबा खुर्चीवरून हलला नाही. मशीन मात्र त्याने चालू ठेवलं होतं. जायचंच आहे तर निदान दिवे लागलेलं जाऊ दे, असं काहीतरी त्याच्या मनात असावं. काचेखाली तिन्ही चेंडू आपापल्या जागी उभे होते.

काटकुळा हमाल खाली वाकला आणि तसाच राहिला. "हे पाय सिमेंटात कुणी घातले?"

"मी," ओळंबा म्हणाला.

"का?"

"हलू नयेत म्हणून."

हमालांनी एकमेकांकडे पाहिलं. "पुढून निघत नाही," जाड्या म्हणाला. "मागून उचल. उचलून हिसका देऊ, सुटेल." दोघांनी मागची बाजू धरली आणि 'हं' म्हणून खांद्याच्या जोरावर वर केली.

आणि त्या क्षणी तिन्ही चेंडू, इतके दिवस ध्यानस्थ बसलेले, एकदम उठून खाली धावले. पहिला घंटेवर आपटला. दुसरा बोगद्यात शिरून भलतीकडून बाहेर पडला. राजाचे डोळे लालभडक पेटले आणि आतून कुठूनशी तुतारी वाजली. कंडक्टर बाईंनी हातातली गणवेशाची पिशवी सोडली, दोन्ही बटणांवर बोटं ठेवली आणि फटाक, फटाक, तिन्ही चेंडू परत वर.

"ठेवायचं का खाली?" जाड्याने विचारलं.

"खबरदार," कंडक्टर बाई म्हणाल्या. "तीन चालू आहेत माझे."

"बाई, जड आहे हो."

"बसमध्ये लोक तासभर लोंबकळतात, मी ऐकते का त्यांचं? धरा."

बाक रिकामा झाला. पेन्शनर, फेसासकट कपडे नेलेल्या बाई, दारातून डोकावणारे दोन अनोळखी, सगळे काचेवर झुकले. ड्रायव्हर सही घ्यायला आला होता, तो कागद बगलेत मारून रांगेत उभा राहिला. "ह्यांच्यानंतर कोण आहे?" त्याने विचारलं.

ओळंबा उभा राहिला. गर्दीतून वाट काढत तो मशीनजवळ आला आणि सवयीने त्याचा हात पाणसळीकडे गेला. ती त्याने काचेवर ठेवली. बुडबुडा निर्लज्जासारखा मागच्या टोकाला. त्याने तो पाहिला, मग खाली धावणारे चेंडू पाहिले, मग काचेभोवतीची डोकी पाहिली. इतकी माणसं त्याच्या कुठल्याच फरशीभोवती कधी जमली नव्हती. त्याने नखाने कंपनीच्या पाणसळीवरची चिकटपट्टी सोलून काढली.

"जरा वर," तो हमालांना म्हणाला. "अजून. आता थोडं खाली. उजवीकडचा, तू श्वास घेऊ नकोस, हलतंय. बास. असंच धरा."

"किती वेळ?" काटकुळ्याचा आवाज चिरकला.

"ओटा बांधेपर्यंत."

मालकिणीने चटकन साबणाच्या पेट्या पुढे सरकवल्या. "हे घाला तूर्तास खाली. माणसं मरतील."

ओळंब्याने पेट्यांकडे असं पाहिलं की जणू तिने नवरदेवाला कांबळं नेसवायला आणलंय. "माझ्या कामाखाली पुठ्ठा?"

"मग लवकर आणा तुमचे दगडधोंडे. हे बघा, ह्याची मान निळी पडली."

तो मागच्या अंगणात गेला. गुडघे दुखतात हे तो पार विसरला असावा, कारण परत आला तो फरशीचे तुकडे छातीशी धरून जवळजवळ पळत. तुकड्यावर तुकडा रचत, थापीच्या टोकाने ठाकून ठोकून, एक डोळा मिटून तो मोजत राहिला. वर कंडक्टर बाईंचे चेंडू वाजत होते, खाली हमाल कण्हत होते आणि मालकीण त्या दोघांना आळीपाळीने पाणी पाजत होती. शेवटी त्याने हात वर केला. हमालांनी मशीन टेकवलं. कंपनीचा बुडबुडा दोन रेघांच्या मध्ये येऊन उभा राहिला, आणि तो मध्ये म्हणजे अगदी मध्ये, केसाचाही फरक नाही. कंपनीतही कुणी इतका नेमका उतार कधी दिला नसेल.

आता चारही पाय ओट्यांवर गेल्यामुळे मशीन वीतभर उंच झालं होतं आणि बुटक्या माणसाला बटणं खांद्याशी यायला लागली. ओळंब्याने दुपारी खेळणाऱ्यांसाठी पुढे एक पायरी बांधली. ती मात्र त्याने सपाट केली, आणि गोटी ठेवून सगळ्यांना दाखवली. ड्रायव्हर परत गेला तो मोकळ्या गाडीनिशी, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचे कपडे घेऊन आला.

मालकिणीने दुसऱ्या टेबलाची मागणी रद्द केली. मग ओळंब्याची खुर्ची उचलून मशीनच्या शेजारी नेऊन ठेवली आणि वर एक जुनी उशी टाकली.

सोमवारी सकाळी फोन वाजला. ओळंबा मशीनजवळ उभा राहून पेन्शनरांना दांडा किती ओढायचा ते शिकवत होता, मागे रांग लागली होती. पलीकडे ताई होती. आज काकांचा फोन कसा आला नाही म्हणून तिनेच लावला होता.

"काका, मशीन परत आलं नाही. चाललं का?"

"चाललं."

"मग तक्रार बंद करू? काय दोष होता म्हणून लिहू?"

"लिहा, बसवणाऱ्याने पुस्तकातलं एक प्रकरण सोडलं होतं."

ताई हसली. मग तिने मदत केंद्रात शेवटी विचारतात तो प्रश्न विचारला, आणि तो विचारताना ती नेहमीसारखी खुर्चीत सावरून बसली, कारण या प्रश्नानंतर काकांचं बोलणं लांबत असे. "आणखी काही मदत करू शकते का, काका?"

"नको ताई," ओळंबा म्हणाला. "ठेवतो आता, माणसं खोळंबलीत."